गुळाचा दुसरा खडा

माझी सायकल एवढी जड होती की चढावर ढकलायला दोन माणसं लागायची आणि उतारावर थांबवायला चार. पुण्यातल्या एका दुकानातून जुनी घेतलेली. ब्रेक होता, पण शोभेपुरता. तिच्यावरून मी रोज पहाटे मुळशीहून पौडाला दुधाच्या किटल्या पोचवायचो. रस्ता असा की पौड येईपर्यंत दुधावर लोण्याचा गोळा तरंगायला लागायचा. खोटं वाटत असेल तर पौडातल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्यांतले निम्मे माझ्याइतकंच खरं बोलतात.

त्या साली माघात पुण्याहून पौडापर्यंत आणि परत अशी सायकलींची शर्यत ठरली होती आणि मी तीत नाव दिलं होतं. मला सायकल विकणारा दुकानदार स्वतः एके काळी शर्यती मारलेला गडी, आम्ही त्याला वस्ताद म्हणायचो. बैल विकत घेताना पाहतात तशा त्यानं माझ्या पोटऱ्या दाबून पाहिल्या.

"पाय बरे आहेत," तो म्हणाला. "आता तोंड सांभाळ. आजपासून साखर नाही, गूळ नाही, काकवी नाही. साखर म्हणजे गवताचा जाळ, भपकन पेटतो अन् विझतो. भाकरी म्हणजे खैराचा निखारा. पिरंगुटच्या चढाला निखारा लागतो."

दिवाळीचा फराळ नुकताच संपला होता, म्हणून मी हो म्हणालो. पण आमच्याकडे दारात आलेल्याला गुळाचा चहा देतात आणि त्यानं तो नाकारला तर सात पिढ्यांचं वैर समजतात. पहिल्याच दिवशी माझं पाच घरांशी वैर झालं. संध्याकाळी आईनं चहा पुढे केला तेव्हा मी म्हणालो, "आये, गोड सोडलंय मी."

आता गंमत अशी, की आमच्या भागात माणूस काही सोडतो ते देवासाठी. तब्येतीसाठी कुणी काही सोडलेलं मी ऐकलं नव्हतं.

"कुनासाठी?" आईनं विचारलं.

चुलीशी वहिनी बसली होती. पाचवा महिना होता तिला. आधीची दोन गेली होती. पहिलं डोळे न उघडताच, दुसरं सातव्या दिवशी. आईनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शर्यत म्हणजे काय हे आईला समजावायला मला आठवडा लागला असता. मी मान खाली घातली. आयुष्यात बोललो त्यातलं सगळ्यात मोठं खोटं मी तोंड न उघडता बोललो.

दिवेलागणीपर्यंत गावभर झालं, की धाकट्यानं भावजयीच्या पोरासाठी डोंगरावरच्या देवीला नवस बोलून गोड सोडलं. आणि माझी चैन सुरू झाली. चहाचा आग्रह बंद. ज्याच्या त्याच्या घरात माझ्यासाठी साय, अंडी, सुकट. संक्रांतीला बायकांनी माझ्या हातावर तिळगुळाऐवजी नुसते तीळ ठेवले आणि वर मलाच नमस्कार केला. माझ्या पोटऱ्या अशा फुगल्या की लेंग्याची शिवण उसवली.

एकदा वहिनीनं ताटात तव्यावरची भाकरी वाढली आणि हळूच म्हणाली, "भावजी, तुमच्यामुळं मला आता झोप लागतीया बगा."

ती भाकरी मी अर्धीच खाल्ली. शर्यत झाली की खरं काय ते सांगू, असं ठरवलं. तिच्या बाळंतपणाला अजून महिना होता, शर्यतीला पंधरा दिवस.

त्या रविवारी मी दूध पोचवून तसाच चढाच्या सरावाला ताम्हिणीकडं निघालो. तिकडचा रस्ता म्हणजे दगड आणि दगडांच्या मधे मोठे दगड. पोटात पहाटेची अर्धी भाकरी. शेवटच्या चढावर हात थरथरायला लागले, अंगाला गार घाम सुटला, समोरचा डोंगर आधी दोन झाला, मग चार, मग एकही राहिला नाही. शुद्धीवर आलो तेव्हा एका झोपडीसमोर पडलो होतो आणि एक धनगराची म्हातारी गुळाचा खडा घेऊन माझ्या छातीवर वाकली होती.

"नको," मी म्हणालो. "सोडलंय."

"कुनासाठी?"

"भावजयीच्या पोरासाठी."

"मग त्ये पोर जगंल, तू न्हाई जगायचा. गिळ."

तिचं बोट पहारीसारखं होतं. खडा दातांमधून आत गेला. आणि काय सांगू, तो विरघळायला लागला तसा डोंगर परत आला, झाडं आली, माझे पाय आले. मी उठून बसलो. म्हातारी खापरात पाणी आणायला वळली. मी म्हणालो, "अजून एक दे."

तिनं दिला. मी चघळून खाल्ला.

परत येताना सायकल कशी चालवली आठवत नाही. अंगणात शिरलो तर भाऊ लाकडं फोडत होता. घरात सहा महिने पुरतील एवढी लाकडं आधीच फोडलेली होती. आई उंबऱ्यावर बसलेली. आतून सुईणीचा आवाज येत होता. वहिनीचा येत नव्हता.

"सकाळीच कळा सुरू झाल्या," आई म्हणाली. "महिना बाकी हाय अजून." मग तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "तू काय गोडाचं खाल्लं न्हाईस न्हवं?"

"न्हाई."

"मग भ्या न्हाई."

ती पुन्हा दाराकडं तोंड करून बसली, अगदी निर्धास्त. ते मला बघवेना. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. सुईण एकदा बाहेर आली, गरम पाणी घेऊन गेली, कुणाकडं बघितलं नाही. आत वहिनी एकदाच कण्हली आणि पुन्हा सगळं गप्प.

"आये," मी म्हणालो, "दोन खडे खाल्ले गुळाचे. ताम्हिणीच्या वाटंवर."

भावाची कुऱ्हाड वरच्या वर थांबली.

मी घाईनं बोलत सुटलो. "पर ऐक. नवस नव्हताच. मी शर्यतीसाठी सोडलं हुतं. देवीला मी काय बोललोच न्हाई, मग मोडलं काय?"

वकिलाला सुचला नसता असा मुद्दा होता. आईनं तो तसाच खाली पाडला.

"तू न्हाई बोललास. मी बोलले," ती म्हणाली. "रोज दिवा लावताना तुझं नाव घिऊन सांगत आले, माझा ल्योक गोड खाईत न्हाई."

भावानं कुऱ्हाड खाली ठेवली आणि तो तिथंच लाकडांवर बसला. मला वाटलं होतं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"दोन म्हनलास?" आईनं विचारलं.

"दोन."

"पयला कुनी दिला?"

"एका म्हातारीनं कोंबला. मी पडलो हुतो, नको म्हनलो तरी."

"अन् दुसरा?"

डोंगरावर त्या म्हातारीशिवाय कुणी नव्हतं आणि ती काही साक्ष द्यायला मुळशीला उतरणार नव्हती. दोन्ही तिनंच कोंबले म्हटलं असतं तर चाललं असतं. याहून मोठमोठ्या थापा मी रोज दुधाबरोबर पौडाला पोचवत होतो.

"दुसरा मी मागितला."

आई उठली. मला वाटलं माझ्याकडं येतेय. ती अंगणाच्या कडेला गेली, डोंगराकडं तोंड करून उभी राहिली आणि शेजारणीशी बांधावरून बोलावं तशी मोठ्यांदा बोलली, "पयल्या खड्याचं कुनाकडं काय देनं न्हाई. दुसऱ्याचं माझ्याकडनं घे. पोरीकडनं घिऊ नगंस."

मग येऊन पुन्हा उंबऱ्यावर बसली. तेवढा वेळ मी नंतर कधीच कशासाठी थांबलो नाही. गाई घराकडं वळल्या, त्यांची धूळ अंगणात आली, आणि त्या धुळीत आतून एक बारीक, चिरका आवाज आला. मांजराचं पिल्लू रडावं तसा.

मुलगी झाली होती. थापा मारत नाही, माझे दोन्ही तळवे जोडले तर त्यात मावेल एवढी. वहिनी थकून झोपली होती, पण सुखरूप होती. आईनं साखर वाटली. भावाला, सुईणीला, शेजाऱ्यांना. माझ्यापुढं आली तशी तिनं मूठ मिटली आणि पुढं गेली. शेजारी समजले, नवस अजून फेडायचा असेल.

सातवा दिवस अजून जायचा होता. घरात कुणी मोठ्यानं बोलेना. पोर दूध ओढते की नाही हे बघायला आई रात्रंदिवस वहिनीपाशी. मी पहाटे दूध पोचवायचो, परत यायचो, दारातून आवाज ऐकायचो आणि मगच किटल्या खाली ठेवायचो. वस्तादासाठी नव्हे, पण त्या सात दिवसांत माझ्या जिभेला गुळाचा कण लागला नाही. कुणी समोर काकवीचा हौद ओतला असता तरी लागला नसता.

आठव्या दिवशी सकाळी पोरीनं असा काही सूर लावला की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. आई चुलीशी चहा करत होती. तिनं माझ्यासमोर पेला ठेवला. चहात मोठा गुळाचा खडा होता, ढवळलेलासुद्धा नव्हता.

शर्यतीला आठ दिवस उरले होते. वस्तादाचा निखारा डोळ्यांसमोर आला. आई चुलीकडं न वळता तिथंच उभी राहिली.

मी पेला उचलला आणि तळाच्या गुळासकट संपवला.