पाडा ओढ्यापलीकडे आहे

संयोजकांनी माझ्या हातात तबक दिलं. त्यात सहा गुच्छ आणि जांभळ्या कागदात बांधलेली पुस्तकं. आदल्या दिवशी सरांचा फोन आला होता. तुमचा तो पोशाख घालून ये, चांदीही घाल, पाहुण्यांना बरं वाटेल. मी भूगोलाची प्राध्यापक आहे, तासिका तत्त्वावर का होईना. तरी गेले. आईची चांदी अंगावर चढवून मंचाच्या कडेला उभी राहिले, नवसाच्या बकरीसारखी.

सर म्हणजे माझे पीएचडीचे गाईड. तापीकाठच्या बागायतदार घरातले. जिल्ह्याच्या इतिहासात त्यांचा शब्द शेवटचा, असं सगळे मानतात. त्या दिवशी त्यांच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं, सातपुड्यातले पाडे आणि जुन्या वाटा यांवर.

विषय माझा होता. सहा वर्षं मी अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरांत पायी फिरले. पाडा आधी कुठं होता, तिथून का उठला, खापर गावच्या बाजाराला मीठ आणायला कोणत्या वाटेनं जायचे, हे म्हाताऱ्या माणसांना विचारलं आणि नकाशावर उतरवलं. आमच्याकडे लागोपाठ मरणं झाली की लोक घराचे खांब-वासे उतरवतात आणि डोंगराच्या दुसऱ्या धारेवर जाऊन नवं घर उभं करतात. हा आमचा इतिहास. तो कुठल्याच दप्तरात नाही. मी तो वहीत लिहिला आणि वह्यांच्या नकला सरांना नेऊन दिल्या. गाईडला द्यायच्याच असतात. सोबत दर खेपेला आमचूरही नेला. सरांच्या घरी ओट्यावर बसून, आत बोलावतील म्हणून वाट बघत राहायचे. हे आता लिहितानाही स्वतःची किळस येते.

सरांनी माइक हातात घेतला. माझ्याकडे हात केला आणि म्हणाले, "ही आमची पोरगी. रस्ते दाखवायला हिची फार मदत झाली."

टाळ्या पडल्या. मी हसले. हो, हसले. सवयच ती.

पाहुण्यांनी कागद फाडले. एक प्रत तबकात उरली होती, ती मी उघडली. ऋणनिर्देशात कुलगुरू होते, मित्र होते, पत्नी होती. शेवटी एक ओळ: वाटा दाखवणाऱ्या स्थानिक आदिवासी भगिनी. नाव नाही. पानं उलटत गेले तर माझा नकाशा. खूण न् खूण माझी. खाली सरांचं नाव.

 त्या नकाशात मला मामाचा पाडा दिसला.

हा पाडा मी पहिल्या वर्षी न जाताच नकाशावर टाकला होता. लहानपणी सुट्टीत तिथंच असायचे, तिथं काय विचारायचं, अशी घमेंड. ओढ्याच्या अलीकडे, मोहाच्या मोठ्या झाडाखाली ठिपका दिला आणि नकाशा सरांकडे गेला. पुढं दोन वर्षांनी गेले तर मोहाखाली नुसती चुलीची दगडं. मामाची दोन्ही मुलं एकाच पावसाळ्यात गेली होती. पाडा कधीच उठून ओढ्यापलीकडे धारेवर गेला होता. पाडे का उठतात यावर पीएचडी करणाऱ्या भाचीला मामाचा पाडा उठलेला माहीत नव्हता. मुलं गेल्याचं कळलं होतं, पण परीक्षा होती, भेटायला गेले नव्हते. लाजेनं मी तो ठिपका फक्त माझ्या प्रतीत बदलला. सरांना सांगितलंच नाही.

आणि आता तो चुकीचा ठिपका छापून आला होता. बारा वर्षांच्या पायपिटीचं फळ, असं मलपृष्ठावर लिहिलेल्या पुस्तकात.

मामा सभागृहाच्या दाराशीच होता. सरांनी नाचायला माणसं आणायला सांगितली होती, म्हणून तो ढोल घेऊन आला होता. खुर्च्या पाहुण्यांसाठी होत्या. तो ढोलाला टेकून जमिनीवर बसला होता.

मी तबक खाली ठेवलं. काय होणार ते मला कळत होतं. प्रबंध पूर्ण होता, फक्त सरांची सही बाकी होती. ती गेली तर सहा वर्षं गेली. वर हाच मजकूर पुस्तकात आधी छापलेला, म्हणजे चोर मीच ठरणार. तरी मी माइकपाशी गेले.

"सर, पान चाळीसच्या नकाशातल्या ओढ्याकाठच्या या पाड्यावर तुम्ही गेला होता का?"

सर कौतुकानं हसले. "कितीदा. गेल्या हिवाळ्यातसुद्धा त्या मोहाखाली जेवलोय मी. तिथली भाकरी अजून आठवते."

मी मामाला भिलीत विचारलं, आपला पाडा कुठं आहे. तो उठला. म्हणाला, पलीकडे, धारेवर. मोहाखाली आता कुणी राहत नाही, आमची पोरं गेल्यापासून नाही. त्यानं ते अगदी साधं सांगितलं. मी माइकवर मराठीत सांगितलं. आणि हेही सांगितलं की चूक माझी आहे, नकाशा माझा आहे, म्हणून चूकसुद्धा माझीच छापली गेलीय.

 सूत्रसंचालकानं घाईनं आभार मानायला सुरुवात केली. पुढच्या रांगेतला एक प्राध्यापक शेजाऱ्याला म्हणाला की यांना शिकवलं की असं होतं. मला ऐकू जाईल इतक्या आवाजात.

मंचामागे सरांनी मला गाठलं. मंचावरची मराठी गळून पडली होती, घरची अहिराणी आली होती. "काय करी ऱ्हायनी तू? सही मालेच करनी शे, ध्यानमा ठेव."

मी म्हटलं, "नका करू."

त्यांनी केली नाही. पुढच्या सत्रात माझे तासही गेले. विद्यापीठात गाईड बदलायचा अर्ज दिलाय, तर कारकून म्हणतो जुन्या गाईडचं ना-हरकत पत्र आणा. ज्यानं लुटलं त्याचीच चिठ्ठी आणा म्हणे. थुंकावंसं वाटतं.

पण मूळ वह्या माझ्याकडे आहेत. प्रत्येक पानावर सांगणाऱ्याचं नाव आहे, अंगठा आहे. प्रबंध मी पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला घेतलाय. पहिलं प्रकरण माझ्या चुकीचं आहे, दुसरं त्या पुस्तकाचं. परवा मामाबरोबर ओढा ओलांडून धारेवर गेले. घरं मोजली, माणसांची नावं लिहिली. मेलेल्या दोघांचीही. गाईड मिळो न मिळो, हा नकाशा छापला जाईल, आणि खाली माझं नाव असेल. सरांनी माझ्यावर चोरीचा आळ घ्यावाच. मग चौकशी बसेल, आणि चौकशीत मी सरांनाच समितीला त्या पाड्यावर घेऊन जायला सांगेन. पुढं ते चालतील. वाट मी दाखवणार नाही.