शैलाताईंचा पुठ्ठा

त्या सकाळी मी शैलाताईंना खरं सांगायला निघाले होते. तीन आठवडे त्या ठाण्याच्या हॉस्पिटलात होत्या. वाटेत कशेळीला गोदामांकडे वळणाऱ्या कंटेनरांनी रस्ता अडवला होता, रिक्षा जागची हलत नव्हती, आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते... तेवढ्यात त्यांच्या धाकट्या बहिणीचा, मीनाचा फोन आला. "ताई गेली गं." रिक्षावाला विचारत होता, "मॅडम, गाडी घुमाऊँ क्या?"

शैलाताई भिवंडीच्या शाळांमधून दिव्यांग मुलांना तपासायच्या. कुणाला लेखनिक लागेल, कुणाला कानाचं मशीन, कुणाला नुसता पुढचा बाक, हे ठरवून लिहून द्यायच्या. मी साधी प्राथमिक शिक्षिका. प्रशिक्षण घेऊन या कामात आले ती त्यांच्या हाताखाली. माझे छापील तक्ते बघून त्या हसल्या होत्या. "हे सगळं नंतर. आधी पोराच्या घरी जाऊन ये, मग पेन उघड." त्यांच्या पिशवीत कापडाच्या ताग्यातला एक पुठ्ठा कायम असायचा. मुलाला ऐकू येतं का बघायचं, तर तो ओठांसमोर धरून त्याच्या नावाने हाक मारायच्या. कडा मऊ झालेला तो पुठ्ठा बघून मी एकदा म्हटलं, "ताई, आता नवीन घ्या की." तर म्हणाल्या, "ह्याला काय धाड भरलीय?"

मी एकटीने केलेल्या पहिल्याच तपासणीत शबनम आली. तिसरीतली, कामतघरची. तिच्या वर्गाच्या बाईंनी चिठ्ठीत लिहिलं होतं, 'वर्गात लक्ष नसते.' मी तिला समोर बसवलं, नाव विचारलं, पाढे विचारले, भाऊ किती ते विचारलं. पोरगी माझ्याकडे टक लावून बघत टकाटक उत्तरं देत होती. पुठ्ठा काढायची मला गरजच वाटली नाही. मी लिहिलं, 'ऐकणे ठीक. मदतीची गरज नाही.' कागद सहीला नेला तेव्हा शैलाताईंनी एवढंच विचारलं, "घरी गेल्तीस का?" बाहेर ऊन रणरणत होतं, अजून सहा मुलं बाकी होती. मी म्हटलं, "हो." त्यांनी सही केली.

गेले असते तर दाराशीच कळलं असतं. शबनमचं घर लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या शेडला लागून. तिथे खडखडाटात दिवसभर कानाला काही ऐकूच येत नाही, म्हणून सगळेच एकमेकांशी ओठांनी आणि हातांनी बोलतात. त्या घरात जन्मलेल्या मुलीला नीट ऐकू येत नाही हे आईबापाच्याही लक्षात आलं नव्हतं. ती माझे ओठ वाचत होती. वर्गात बाई फळ्याकडे तोंड करून शिकवायच्या, तिथे वाचायला काय होतं?

दोन वर्षांनी दुसऱ्या एका मुलासाठी शैलाताई त्या गल्लीत गेल्या, तर शबनम शाळा सोडून लूमसाठी सुताच्या कांड्या भरत बसलेली. त्यांनी पुठ्ठा धरून हाक मारली. मुलगी नुसती पुठ्ठ्याकडे बघत राहिली. आई म्हणाली, "आपके ही कागज़ पे लिखा था, सब ठीक है. घर तो कोई आया ही नहीं." शैलाताई परत आल्या, माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या. "तिच्या आईला मी सांगितलं, चूक माझी हाय. सही माझी हाय." बस. मला एका शब्दानेही बोल लावला नाही. लावायला हवा होता. मग त्यांनी खेटे घालून तिला मशीन मिळवून दिलं, पुन्हा शाळेत बसवलं, आणि स्वतः आजारी पडल्या.

हॉस्पिटलात त्यांनी माझा हात धरला. आवाज पार खोल गेला होता. "शबनमकडे जाऊन आलीस? मशीन घालते का ती? शाळेत जाते?" मी गेले नव्हते. तिच्या आईसमोर उभं राहायची हिंमत नव्हती. तरी म्हणाले, "हो ताई, रोज जाते." त्यांचा चेहरा असा काही सैल झाला, की मी खाली मान घातली. दुसऱ्याच दिवशी मी कामतघरला गेले. शेडला कुलूप. लूम भंगारात गेले, शबनमच्या घरचे गावी गेले. कुठलं गाव, ते शेजाऱ्यांनाही सांगता येईना. मशीन तिच्या कानात होतं का, तेही कुणाला आठवेना. त्याच्या दुसऱ्या सकाळी मी कशेळीला अडकले होते.

मीना म्हणते, ताई समाधानाने गेली. मला ते ऐकवत नाही. या कामात मी किती मुलांचं नुकसान केलं असेल कुणास ठाऊक. एकीचं तरी नक्की केलंय, आणि ते आता भरून येणार नाही.

ताईंच्या पुण्यानुमोदनाला सगळे जमले होते, त्या दिवशी मीनाने तो पुठ्ठा माझ्या हातात ठेवला. परवा खारबावच्या शाळेत एका मुलासमोर तो धरला. घरी आधी जाऊन आले होते, आता जातेच. पुठ्ठ्याला अजून त्यांच्या पिशवीतल्या लवंगेचा वास येतो. दर वेळी हाक मारण्याआधी, त्याच्या आड, आवाज न करता माझे ओठ हलतात... "ताई, मी गेले नव्हते."