अंजनाखालची आमरी

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवऱ्याची बदली पारोळ्यापलीकडच्या एका खेड्यातल्या शाळेवर झाली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, पण तिथे त्याचा उपयोग काय? स्वयंपाक उरकला की गावामागच्या टेकडीवर जायचे. अंजनाची विरळ झाडं, खाली मुरूम आणि श्रावणातलं गवत.

एका सकाळी त्या गवतात आमरी, म्हणजे ऑर्किड, दिसली. एकच पान, जमिनीला चिकटलेलं. मधून वितीएवढा दांडा आणि वर दोन पांढरी फुलं. झाडांवरच्या आमऱ्या मी पाहिल्या होत्या, मातीतली ही पहिलीच. रोज जाऊ लागले. उकिडवं बसून चित्र काढायचे, दोऱ्याने पान मोजायचे. शेळ्यांनी तुडवू नये म्हणून भोवती दगड मांडले.

दगडच नडले.

शेजारच्या अक्का चाळणी मागायला आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. "बाई, टेकडीवर रोज काय देखतस?"

"फूल बघते, अक्का."

"फुलं ते आमना बांधवर बी शेतस," त्या म्हणाल्या. चाळणी न घेताच गेल्या.

मग विहिरीवर मी पोचले की बायकांचं बोलणं थांबायचं. टेकडीवर मागे कुणीतरी असायचंच. मी वळले की तो माणूस बिडी पेटवायला थांबायचा. दुकानदाराने एकदा माहेरची सगळी चौकशी केली. शेवटी नवऱ्यालाच शाळेत कळलं : मास्तरीणबाईंना गुप्तधनाची जागा सापडलीय, दगड मांडून खूण केलीय. तेव्हापासून मीही घराबाहेर पडताना कुलूप दोनदा ओढून बघू लागले. परत आल्यावर भांडी हललीत का, तेही बघायचे.

चार-पाच दिवस पावसाची झड लागली. ती थांबल्यावर गेले तर अंजनाखाली कमरेइतका खड्डा. दगड लांब भिरकावलेले, पान चिखलात. मातीच्या ढिगात बोटांनी चाचपलं तर शेंगदाण्याएवढी गाठ हाती लागली, अजून टणक होती. रडू आवरत ती पदरात बांधली आणि घरी आणून डालड्याच्या डब्यात लावली.

संध्याकाळी अक्का पुन्हा आल्या. या वेळी चाळणीचं निमित्तही नव्हतं.

"पदरमा काय लयनं, दखाडा ना बाई."

मी डबा आणला, माती उकरून गाठ त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती वास घेऊन पाहिली, उजेडात धरली, परत दिली.

"आनि बाकीनं?"

दुसऱ्या दिवशी जेवताना नवरा खाली मान घालून म्हणाला, "मी कोणाला सांगणार नाही. पण तिथे खरंच काही नव्हतं ना?"

गावाचं मी मनावर घेतलं नव्हतं. याचं घेतलं. बरेच दिवस आम्ही कामापुरतंच बोलत होतो.

पुढच्या वर्षी डब्यात एक पान आलं, फूल काही आलं नाही. त्यानंतर जळगावला बदली झाली. सामान चढवताना पुस्तकांची पेटी चार माणसांनी उचलली आणि एकमेकांकडे पाहिलं. मी कुलूप काढलं, झाकण उघडलं. "पुस्तकं आहेत," म्हटलं.

"हो, बाई," एक जण अदबीने म्हणाला. मग त्यांनी ती पेटी इतकी सांभाळून ट्रकात ठेवली, की तेवढी काळजी आमच्या कुठल्याच सामानाची कुणी घेतली नव्हती.