क्लिप लावल्यावरचं पहिलं वाक्य

विश्रामबागला मेंदूच्या ऑपरेशन थिएटरात मी बावीस वर्षं सिस्टर होते. किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत हो, कुसळांसारखे आपोआप चिकटतात.

मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा येतो, फुटला तर माणूस हातचा जातो. आमचे मोठे सर्जन, म्हणजे सर, कवटी उघडून फुग्याच्या मानेला इवलीशी क्लिप लावायचे, आत रक्त जाऊ नये म्हणून. पण त्यांचा जीव टांगणीला लागायचा तो नंतर. पेशंट शुद्धीवर येऊन नीट बोलेपर्यंत ते चहासुद्धा घेत नसत.

साताऱ्याकडचे एक रिटायर्ड सुभेदार होते. सरांनी नाव विचारलं. त्यांनी नंबर, रँक, नाव, युनिट, सगळं खडाखडा सांगितलं आणि वर म्हणाले, "आता तुमचं सांगा." सरांनी पाय जुळवून सांगितलं!

जतचे बिरूमामा मेंढपाळ. "मामा, मेंढरं किती?" गप्प. परत विचारलं, परत गप्प. सरांचा चेहरा उतरला, स्कॅनची तयारी सुरू झाली. तेवढ्यात मामी मला म्हणाल्या, "आवं बाई, मेंढरांचा आकडा कुणी सांगतंय व्हय? दिष्ट लागती. दुसरं कायतरी इचारा."

"मामा, खाणार काय?"

"भाकरी. खिचडी न्हाई."

मग कॉइल आली. मांडीतून बारीक नळी वर न्यायची, फुग्यात तारेचं वेटोळं भरायचं, कवटीला हात नाही. आष्ट्याच्या एका आजींना ते पटेना. "डोस्कं दुखतंय वर आन् ह्यो भोक पाडतोय खाली. थोरल्या डॉक्टरला बलवा." थोरले डॉक्टर म्हणजे समोर उभे सरच होते.

कॉइल चांगलीच, पण मला ते क्लिपचे दिवस लय आठवतात, सरांच्या ओरडण्यासकट.

गेल्या वर्षी सरांनाच फुगा निघाला. डावीकडे, बोलण्याच्या जागेजवळ. मान रुंद, त्यात कॉइल टिकणार नव्हती. कवटी उघडावीच लागणार होती. सर म्हणाले, "श्रुती करेल." श्रुती त्यांच्याच हाताखाली शिकलेली. चार दिवस पोरगी सरांचे स्कॅन पुन्हापुन्हा काढून बघत होती. मी रिटायर झालेली, तरी जाऊन बसले. घाबरले होते, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी सरांनी डोळे उघडले. श्रुतीनं विचारलं, "सर, नाव सांगा." गप्प. माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "सर, ह्या कोण?" गप्प. ती स्कॅनची तयारी सांगायला वळली.

सरांनी बोटानं तिला जवळ बोलावलं. मग हळूच म्हणाले, "क्लिप कुठली लावलीस?"

"वाकडी, सर."

"मी सरळ लावली असती."