काचेतली म्हातारी

बळीरामभाऊंना गिऱ्हाईक हसलेलं खपत नसे. "दात काहून दाखवून राहिले? मले फोटो तुमचा काढाचा हाये, दाताचा नाही," असं नवरदेवालाही सुनवायचे. अकोल्यात आमच्या शाळेसमोर त्यांचा स्टुडिओ होता. त्याच्या शोकेसमध्ये गावातल्या नव्या जोडप्यांच्या रांगेत मीही नवऱ्याशेजारी तोंड मिटून बसले होते.

पासष्ट साली लढाई पेटली, तेव्हा भाऊंनी एका साप्ताहिकातला फोटो कॅमेऱ्याने उतरवला, मोठा केला आणि नेमका माझ्या शेजारी लावला. पडलेल्या घरापुढे एक म्हातारी तीन विटांची चूल पेटवत होती. खाली नाव ना गाव. लोक थांबून हळहळायचे. समोर फुलं विकणाऱ्या कौसल्या माळणीने तर काचेवरूनच तिला हार अडकवला. भाऊ तरातरा बाहेर आले.

"काढ तो. हार मेलेल्याले घालतेत. हे बाई चूल पेटवून राहिली. चूल पेटवते ते माणूस जित्तं असते."

मग कोणीतरी ते साप्ताहिक आणून दाखवलं. म्हातारी सीमेपलीकडची निघाली. झालं! हळहळणारे तेच लोक फोटो उतरवा म्हणून दारात जमले.

"काल तुमीच म्हणत होते, बिचारीचं घर पडलं," भाऊ म्हणाले. "आज उभं झालं का ते?"

"दुकान बंद पाडू तुमचं."

"पाडा. फोटो हटत नाही."

दगड आला, काच फुटली. लोकांनी आपापले लग्नाचे फोटो उचलून नेले. सासऱ्यांनी मलाही माझा आणायला पाठवलं. मी गेले, भाऊंकडे बघितलं आणि रिकाम्या हाताने परत आले. घरी जे ऐकावं लागलं ते लागलं, मला त्याचं आजही काही वाटत नाही.

भाऊंनी काच पुन्हा बसवलीच नाही. "आता मधात काच बी नाही. जवळ येऊन पाहा," म्हणायचे. धंदा पार बसला. तरी रोज सकाळी धोतराच्या सोग्याने म्हातारीवरची धूळ पुसायचे, त्याच सोग्याने आम्हा दोघांवरची.

तीन वर्षांनी भाऊ गेले. त्यांचा फोटो त्याच शोकेसमध्ये ठेवला आणि कौसल्येने त्याला हार घातला. गर्दी बरीच होती. लढाईच्या वेळी दगड घेऊन आलेल्यांपैकीच एकजण मान खाली घालून पुढे आला आणि हातातला हार म्हातारीच्या फोटोला घालू लागला.

कौसल्येने त्याचा हात धरला.

"तिले नको," ती म्हणाली. "बाई जित्ती हाये."