मार्केटमधलं मध्यंतर

तो सिनेमा मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. अमेरिकेतल्या कुठल्याशा लॅटिनो वस्तीतली माणसं रस्त्यात उतरतात, प्रत्येकाचं एक स्वप्न असतं, प्रत्येक जण ते गाऊन दाखवतो. वस्तीतल्या इमारती कुणाच्या मालकीच्या, हे मात्र कुणी गात नाही.

आमच्या दक्षिण लंडनच्या मार्केटात मात्र तो सगळ्यांना पाठ होता. खाली कोलंबिया, इक्वाडोर, बोलिव्हियाहून आलेल्या लोकांचे गाळे, वर भाड्याच्या खोल्या, त्यातली एक माझी. एका कंपनीनं अख्खी इमारत विकत घेतली होती. ती पाडून महागडे फ्लॅट बांधायचे की नाही, यावर कौन्सिलची कमिटी लवकरच निर्णय देणार होती. विरोधात एकालाच बोलता येणार होतं. बोलणार होती सगळ्यांत जुनी गाळेवाली, सलूनवाली. तिला सगळे तिया म्हणायचे, म्हणजे आपली आत्या. ती बोलली तर मार्केट बोललं. ती गप्प बसली तर उरणार आम्ही पत्रकं वाटणारे, ज्यांना कौन्सिल माशीइतकीही किंमत देत नाही.

म्हणून आदल्या संध्याकाळी मधल्या बोळात पडदा लावून सिनेमा दाखवायचं ठरवलं. सिनेमा त्यांचा लाडका. मध्यंतर माझं.

इथल्या थिएटरात मध्यंतर नसतं. लंडनच्याच हॅरोत जन्मलेला माझा मराठी मित्र प्रोजेक्टर सांभाळत होता. तो आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला, "गाणा चालू असताना पॉज कोण करतो? लोक तुला मारेल."

"नागपुरात करतात. लोक समोसे घेतात, आपण हातात पत्रक ठेवतो. उठून जाणार कुठे?"

"हे नागपूर नाही, मॅडम."

"म्हणून तर इथं बिल्डरांचं फावतं."

सिनेमा सुरू झाला. तिया सलूनमधली फिरती खुर्ची ओढून सगळ्यांत पुढे बसली होती. पडद्यावर उन्हाळ्याचा कहर, आणि नाचणाऱ्या पोरींची एक बट विस्कटलेली नाही.

"यांचे केस कोण करतं गं?" मागून फळवालीनं विचारलं. मला एव्हाना तेवढं स्पॅनिश कळायचं.

"मी नाही," तिया म्हणाली. "माझ्या गिऱ्हाइकांना घाम येतो."

हशा पिकला. मी हसले नाही, कारण मागच्या खांबापाशी कंपनीचा माणूस उभा होता. गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर मऊपणा. रहिवाशांशी 'संवाद' साधायचा त्याला पगार मिळतो. आठवडाभर तो तियाच्या सलूनमध्ये दिसत होता, आणि त्याचे केस काही वाढलेले नव्हते.

अख्खी वस्ती नाचायला उतरते त्या गाण्यात मी पॉज दाबला. दिवे लागले, बोळभर कुरकुर उठली. मी तोंड उघडेपर्यंत अर्धे लोक सिगरेटला गेले होते, बाकीचे टॉयलेटला. एकीनं पत्रक घेतलं आणि त्यावर आपली करंजीसारखी एम्पनाडा ठेवली.

आणि तो माणूस तियाच्या खुर्चीशी उकिडवा बसला. मी काढलेल्या वेळात बोलत होता तो. तिया मान डोलावत होती. मी मध्ये घुसले असते तर 'बाहेरची पोरगी लोकांना धमकावते' असं कमिटीपुढे गेलं असतं. पत्रकांचा गठ्ठा आवळून उभी राहिले.

मित्र पुटपुटला, "तूच त्याला इंटर्व्हल दिला."

"गप बस."

कंपनीचा माणूस उठल्यावर मी तियाकडे गेले. "काय म्हणाला?"

"नव्या बिल्डिंगमध्ये खाली दुकान. समोर मोठ्या काचा."

"आणि उद्या?"

"उद्या मी आजारी पडायचं."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"तुझं हे मध्यंतर संपलं का?"

"नाही."

"मग थांब."

लोक परतून बसत होते. तिनं पाय टेकून खुर्ची त्याच्याकडे फिरवली. "ए पोरा, मला कानात सांगितलंस ते इथं सांग. गाणं बंदच आहे."

तो हसला. "ती खाजगी चर्चा होती."

"फळवालीला दुकान आहे त्यात?"

"सध्याच्या टप्प्यावर..."

"हो की नाही?"

"नाही."

"खाटकाला?"

त्यानं गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. पण लोक त्याच्याकडे बघतच नव्हते. ते तियाकडे बघत होते.

"तू हो म्हणालीस का?" फळवालीनं विचारलं.

"अजून नाही." तियानं वरच्या ट्यूबलाइटकडे बोट केलं. "याच्याखाली मला केसांचा खरा रंग कधी दिसला नाही. मोठ्या काचा म्हणाला तो. मला हव्या होत्या गं."

कुणी तिला धीर दिला नाही, कुणी दोषही दिला नाही. गार्ड मार्केट बंद करायला आला. सिनेमा अर्धाच राहिला. फळवाली खुर्च्या रचताना तियाशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी कमिटीच्या हॉलमध्ये तिया आली, हे मला आधी खरंच वाटेना. मी लिहून दिलेलं भाषण तिच्या पर्समध्ये होतं. समोरच्या रांगेत तो माणूस. अध्यक्षांनी नाव पुकारलं तरी ती उठली नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं. फळवालीनं आपले गुडघे बाजूला घेऊन तिला वाट करून दिली, तेव्हा ती उठली.

पर्स तिनं भाषणासकट खुर्चीवरच ठेवली. माइक ओढून घेतला.

"मला एक मोठी खिडकी देऊ केली आहे," ती म्हणाली. "ती मला हवी आहे. तरी मी इथं का आले, ते सांगते."