पुलापलीकडचं पीस

रोज सकाळी बाउदिलिओ खुराडं उघडायचा, बिशपला काखेत घ्यायचा आणि लाकडी सज्जात उभा राहून त्याला नदी दाखवायचा. बिशप म्हणजे त्याचा कोंबडा. छाती पुढे काढून एकेक पाऊल तोलत चालायचा, म्हणून हे नाव. धर्मगुरूंचीही त्याला हरकत नव्हती. बाउदिलिओ त्याला पाण्याची खबरबात द्यायचा. वर डोंगरात पाऊस झालाय, पाणी बोटभर चढलंय, डोहात ट्राउट वर येऊन किडे टिपतायत. डोळे अधू झालेल्या माणसाला पेपर वाचून दाखवावा, तसं. बिशप एका डोळ्याने नदी बघायचा आणि दुसऱ्याने बाउदिलिओला. एवढं झालं की दोघे खाली उतरायचे आणि दिवस सुरू व्हायचा.

आमच्या वाल्देसोर्रात याचं कुणाला नवल वाटत नसे. लेओनच्या डोंगरात, कुरुएन्यो नदीच्या या काठावर कोंबडे पाळतात ते पिसांसाठी. गळावर बांधायच्या खोट्या माशीचे पंख या पिसांच्या तंतूंनी करतात. हे तंतू पाण्यात भिजले की काचेसारखे दिसतात, आणि ट्राउटसारखा संशयी मासाही त्यांना फसतो. बाउदिलिओ माशी नुसत्या बोटांत धरून बांधायचा. पकड, चिमटा, भिंग काही लागायचं नाही. डाव्या हातात गळ, उजव्या हातात पिवळं रेशीम, ओठांत पीस. ओठांत पीस असेपर्यंत त्याच्याशी बोलायचं नाही, एवढं गावातल्या लहान मुलांनाही ठाऊक होतं.

गावाच्या खालच्या अंगाला एक दगडी पूल आहे. त्या पुलापलीकडे नेलेल्या कोंबड्याचं पीस मरतं. आमच्याकडे हाच शब्द आहे, मरतं. कोंबडा चांगला धडधाकट असतो, आरवतो, खातो, पण पिसातलं तेज तीन महिन्यांत जातं आणि झाडूची काडी उरते. असं का होतं, याबद्दल मात्र एकमत नव्हतं. कुणी माती म्हणायचं, कुणी नदीचं धुकं. देवळाची घंटा सांभाळणारा ओनोरिनो म्हणायचा, घंटेमुळे. बाउदिलिओचं म्हणणं वेगळं होतं. त्याच्या मते कोंबड्याला आपण कुठे आहोत हे कळतं, आणि परक्या जागी आहोत हे कळलं की तो मनातून उतरतो. पीस नंतर मरतं. आधी कोंबडा खट्टू होतो.

एकोणऐंशीव्या वर्षी, फेब्रुवारीत, बाउदिलिओ खुराड्यासमोरच्या बर्फावर घसरला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलं, आता एकटं राहायचं नाही. त्याची मुलगी आर्खिमिरा सात किलोमीटर खाली, वेगामायोरला, लग्न होऊन सव्वीस वर्षं राहत होती. तिने वडिलांसाठी खालची खोली रंगवली, संडासात धरायला दांडा बसवला आणि मार्चमध्ये ती न्यायला आली. बाउदिलिओने आढेवेढे घेतले नाहीत. फक्त अट घातली. बिशप बरोबर येईल. ऑगस्टमध्ये पिसं काढायची वेळ येईल तेव्हा पीस जिवंत निघालं, तर तो मरेपर्यंत तिच्याकडे राहील. मेलेलं निघालं, तर खुबा कसाही असो, तो घरी परत जाईल. कोंबडा जिथे तग धरत नाही तिथे माणसाने काय म्हणून राहायचं, असं त्याचं म्हणणं. आर्खिमिराने वडिलांच्या हातावर हात मारला. आमच्याकडे गुरांचा सौदा असाच पक्का होतो.

आता यात एक अडचण होती आणि ती सगळ्या गावाला दिसत होती. बाउदिलिओला घरी परतायचं होतं. म्हणजे पीस मरायला हवं होतं. पण चाळीस वर्षांत त्याच्या हातून असा कोंबडा झाला नव्हता. त्याचं पीस मुद्दाम मरू देणं त्याला जमण्यातलं नव्हतं. म्हणून आपण गाव सोडलंय हे बिशपला कळूच द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं. स्वतःच्या विरुद्ध तो इतक्या प्रामाणिकपणे कामाला लागला की बघणाऱ्याला गलबलून यावं.

निघताना बिशपची टोपली काळ्या कापडाने झाकली. आर्खिमिराने गाडी चौकाभोवती तीनदा फिरवली, म्हणजे त्याला दिशा समजू नये. पुलावरून जाताना बाउदिलिओ टोपलीशी मोठ्याने बोलत होता, की हे आलं निकानोराबाईंचं कुंपण, ही आली आपली पाणपोई. निकानोराबाई स्वतः कुंपणाशी उभी राहून गाडी जाताना बघत होती आणि त्याचं बोलणं तिला ऐकू येत होतं. तिने नंतर सांगितलं की त्या क्षणी आपण दोन ठिकाणी आहोत असं तिला वाटलं.

वेगामायोरच्या अंगणात आमच्या मातीची दोन पोती पसरली. पाववाल्याच्या गाडीतून दर मंगळवारी आमच्या पाणपोईचं पाणी जाऊ लागलं. राहिली घंटा. आमची घंटा घड्याळाला जोडलेली, जरा चिरकी आहे आणि चार मिनिटं उशिरा वाजते. वेगामायोरची वेळेवर वाजते, त्यामुळे तिचा उपयोग नव्हता. मग रोज दुपारी बारा वाजून चार मिनिटांनी ओनोरिनो देवळाशेजारच्या घरातून फोन लावायचा आणि लांब तारेचा रिसीव्हर खिडकीबाहेर धरायचा. तिकडे आर्खिमिरा आपला रिसीव्हर बिशपच्या कानाशी न्यायची. घंटा संपली की ओनोरिनो विचारायचा, ऐकली का त्याने? ती म्हणायची, ऐकली. मग दोघे फोन ठेवायचे.

सगळ्यात जास्त सोसलं ते तिच्या नवऱ्याने. देल्फिन औषधांच्या दुकानात कामाला होता, स्वभावाने गरीब. वेगामायोरचे लोक शब्द लांबवून बोलतात. बाउदिलिओने त्याला समजावून सांगितलं की असं बोलणं बिशपने आयुष्यात ऐकलेलं नाही, एका वाक्यात सगळं फुटेल. तेव्हापासून देल्फिन स्वतःच्या अंगणात तोंड उघडेनासा झाला. फोनवर बोलायचं तर रस्त्यावर. शिंक आली तरी तो नाक दाबून फाटकाबाहेर पळायचा. शेजाऱ्यांना वाटलं, सासरा आल्यापासून बिचाऱ्याचं काहीतरी बिनसलंय.

बाउदिलिओ मात्र सुकत चालला. खुबा सांधला होता, पण तो काठी घेऊन अंगणाच्या फाटकापर्यंतच जायचा. वेगामायोरला नदी बंधाऱ्याआड आहे, ती दिसत नाही. जेवण अर्धं ठेवायचा. आर्खिमिरा त्याच्यासाठी लसणीचं सूप करायची, त्याच्या आईसारखं, शिळा पाव घालून. तो चांगलं झालंय म्हणायचा आणि चमचा खाली ठेवायचा. बिशप तेवढा झळाळत होता.

ऑगस्टमध्ये, वाढत्या चंद्राच्या पहिल्या आठवड्यात, पिसं काढली. बाउदिलिओने बिशपला मांडीवर घेतलं आणि पाठीवरून एकेक पीस उपटलं. बारा पिसांची जुडी बांधली. वाल्देसोर्राहून सहा माणसं तपासायला आली होती. पीस उन्हात धरलं, सावलीत धरलं, काळ्या टोपीवर ठेवलं. पुन्हा उन्हात धरलं. जिवंत म्हणावं तर बाउदिलिओ गेला आणि आजवर गावाने सांगितलेलं सगळं खोटं ठरलं. मेलेलं म्हणावं तर डोळे काढून दुसऱ्याला द्यावे लागतील. शेवटी ओनोरिनो म्हणाला की उजेड बरोबर नाही.

पिसावरून असा वाद झाला तर त्याचा निवाडा मासा करतो. ही जुनी रीत आहे. त्या पिसाची एक माशी बांधायची, पुलाच्या अलीकडच्या डोहात तीनदा टाकायची. ट्राउटने धरली तर पीस जिवंत. नाही धरली तर मेलं. त्यावर अपील नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळं गाव डोहाशी जमलं. बाउदिलिओने काठावरच्या दगडावर बसून माशी बांधली. ओठांत पीस होतं तेव्हा चाळीस माणसं गप्प होती. मग तो काठी टाकून पाण्यात उतरला, गुडघ्यापर्यंत. आर्खिमिरा जाळी घेऊन त्याच्या मागे उतरली. देल्फिन काठावर उभा राहिला, सवयीने तोंड मिटून.

बाउदिलिओने माशी पहिल्यांदा टाकली. दोरी हवेत लांब उलगडली आणि माशी डोहाच्या तोंडाशी, जिथे फेस फुटतो तिथे, पीसच पडावं तशी पडली. काही झालं नाही. काठावर लोकांनी श्वास सोडला. दुसऱ्यांदा टाकली. खालून एक सावली आली, माशीला नाक लावून बघितलं, परत गेली. निकानोराबाईने छातीवर क्रूस काढला.

तिसऱ्या वेळी माशी पाण्यावर आपटली असती तरी चाललं असतं. दोरी थोडी कमी सोडली असती, मनगट जरा वाकडं केलं असतं, तरी कुणी काही बोललं नसतं. सगळं गाव मनातून त्याला तेच सांगत होतं. पण त्याच्या हाताला वाईट टाकताच येत नव्हतं. माशी मागच्या दोन्हींपेक्षा हलकी पडली, आणि पडताक्षणी पाणी फुटलं. मासा चांगला हातभर होता.

आर्खिमिराने जाळी खाली घातली. मासा जाळीत आला. बाउदिलिओ मान खाली घालून गळ सोडवत होता.

मग ओनोरिनो खाकरला. त्याने विचारलं की हा मासा कुठला?

नदीतला, कुणीतरी म्हणालं.

ते दिसतंय, ओनोरिनो म्हणाला. पण मे महिन्यात पूर आला होता, तेव्हा खालचे मासे पुलावरून वर आले. हा जर वेगामायोरचा असेल, तर त्याला वेगामायोरच्या अंगणातलं पीस गोड लागणारच. त्यात पिसाची थोरवी काय? उलट त्यावरून पीस खालचं झालं, म्हणजे मेलं, हेच ठरतं.

यावर लोकांनी विचार केला आणि जसजसा केला तसतसं ते त्यांना पटत गेलं. निकानोराबाई म्हणाली, त्याची शेपटीच तिकडची दिसते. दुसऱ्या कुणी सांगितलं की आपला मासा इतक्या घाईने कधी काही खात नाही. प्रश्न एवढाच उरला की खात्रीने सांगणार कोण. वेगामायोरचा मासा ओळखायला वेगामायोरचं माणूस हवं. तिथे तशी दोनच होती. देल्फिनने सहा महिन्यांत पहिल्यांदा सर्वांसमोर तोंड उघडलं.

"खरं सांगायचं तर मला हा मासा..."

"तू पाण्यात ये आधी," आर्खिमिरा म्हणाली, "काठावरून काय दिसतंय तुला?"

देल्फिन बूट काढायला वाकला, आणि नाडीची गाठ काही सुटेना.

आर्खिमिराने मासा बघितला. तांबडे ठिपके, सोनेरी पोट, कुरुएन्योतल्या कुठल्याही ट्राउटसारखा. मग तिने वडिलांकडे बघितलं. काठी काठावर पडली होती आणि तो ते विसरून गेला होता. पाणी त्याच्या गुडघ्यांना ढकलत होतं आणि तो त्यात रोवल्यासारखा सरळ उभा होता. मार्चपासून तिने त्याला इतका सरळ उभा बघितला नव्हता. खालच्या खोलीला तिने तीन हात रंग दिला होता.

"आमच्या वेगामायोरचाच आहे," ती म्हणाली. "पुलापलीकडचा. मी याला रोज बघते."

"नक्की?" ओनोरिनोने विचारलं.

"चेहऱ्यावरून ओळखला."

बाउदिलिओने मान वर केली. बापलेकीने एकमेकांकडे जरा वेळ बघितलं. मग त्याने मासा दोन्ही हातांत धरला, त्याचं तोंड प्रवाहाच्या खालच्या दिशेला केलं, त्याला घरी जायचं होतं ना, म्हणून, आणि सोडला. मासा वळून सरळ वर, वाल्देसोर्राच्या बाजूला, डोहात गेला. सगळ्यांनी आभाळाकडे बघितलं.

संध्याकाळी बिशप परत आला. काळं कापड, टोपली आणि चौकाभोवती तीन फेऱ्या, याही वेळी. आपण गेलोच नव्हतो असं त्याला वाटत असल्यामुळे आपण आलो हेही त्याला कळून चालणार नव्हतं. देल्फिनने टोपली उतरवली. अजूनही तो कुजबुजतच बोलत होता.

बाउदिलिओ त्यानंतर दोन हिवाळे आणि तिसऱ्यातला थोडा जगला. निकानोराबाई रोज त्याच्या खिडकीवर नजर ठेवायची. आठ वाजेपर्यंत झडप उघडली नाही तर ती दार वाजवायची आणि तो आतून तिला टोमणे मारायचा. आर्खिमिरा दर रविवारी यायची, शनिवारी संध्याकाळी फोन करायची. त्या माशाबद्दल दोघे कधी बोलले नाहीत. वेगामायोरच्या अंगणातल्या आमच्या मातीत तिने कांदे लावले, आणि ते चांगले झाले.

जानेवारीतल्या एका रविवारी खिडकी उघडली नाही. आदल्या संध्याकाळी आर्खिमिराने नेहमीसारखा फोन केला होता. खुबा कसा आहे, सरपण पुरतंय ना, हे विचारून झालं, आणि उद्या काय आणू म्हणून तिने विचारलं. तो म्हणाला, "कोबी आण. पण लहान आण, मागचा चार दिवस संपला नाही."